१९१८ साली वारलेली, १९३६ साली हयात

आमच्या घराच्या वंशावळीच्या या प्रकरणात दोन सरकारी कागद समोरासमोर उभे राहतात. पहिला आहे निफाड तालुक्यातल्या एका गावच्या कोतवाल बुकाचा, म्हणजे जन्ममृत्यूच्या गाव नमुना १४ चा. ऑक्टोबर १९१८ च्या पानावर आमच्या पणजीच्या मृत्यूची मोडीतली नोंद आहे: तिचं नाव, पुढे ‘कोम’ (म्हणजे ‘ची बायको’) आणि पणजोबांचं नाव. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ‘ताप’. दुसरा कागद त्याच गावचा वारसाचा फेरफार, १९३६ चा. पणजोबा वारल्यावर जमिनीला वारस लागले, तेव्हाचा. त्यात धाकटा मुलगा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, आणि ‘अ. पा. क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, म्हणून नाव त्याच पणजीचं. अठरा वर्षांपूर्वी वारलेली बाई मुलाची पालक म्हणून दप्तरात हजर होती.

घरातल्यांच्या इच्छेनं इथे कुणाचं नाव, आडनाव किंवा गावाचं नाव दिलेलं नाही. कागद मात्र जसे होते तसे सांगतो, कारण अशी गाठ पुष्कळ घरांच्या वंशावळीत पडलेली असते आणि ती बहुधा घाईनं सोडवली जाते.

खरं तर भांडण दप्तरात सुरू झालं नव्हतं. ते नातेवाइकांत होतं. नाशिकरोडची आमची मोठी आत्या ठामपणे सांगायची की तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या पणजीचं, माहेर सिन्नरकडचं. पुण्याचे काका, म्हणजे आत्याचे सख्खे चुलतभाऊ, तेवढ्याच ठामपणे म्हणायचे की येवल्याकडचं. त्यांचे वडील आपलं आजोळ येवल्याकडचं असंच सांगत आले होते. दोघंही ऐंशीच्या घरात, दोघांचीही स्मरणशक्ती शाबूत. पणजोबांना मुलगे दोन: थोरल्याची शाखा पुण्याला गेली, धाकटे माझे आजोबा, ते नाशकातच राहिले. लग्नकार्यात दोन्ही शाखा एकत्र आल्या की हा विषय निघायचा आणि ‘जाऊ दे’ म्हणून मिटायचा.

घरात एक वंशावळ होती. कुणीतरी सुंदर अक्षरात काढलेली, सात पिढ्यांची. तिच्यात एकही बाई नव्हती. पुरुषाखाली पुरुष, आणि जिथे मुलगा नाही तिथे ‘निर्वंश’. मुली असूनही ‘निर्वंश’. ती वंशावळ पुढे नेताना आईच्या बाजूची नावंही लिहायची असं आम्ही चुलत-मावस भावंडांनी ठरवलं, आणि पहिल्याच पणजीपाशी अडलो.

कागद कुठे होते

पणजोबा गावचे. जमीन गावात, शिक्षणासाठी मुलं नाशकात, आणि तिसाच्या दशकात पंचवटीत वाड्यातलं बिऱ्हाड. सप्टेंबर १९६९ चा महापूर त्या वाड्यानं पाहिला. नाशकात पुराचं माप दुतोंड्या मारुतीवर घेतात. त्या वर्षीचं पाणी जुनी माणसं अजून भिंतींवर हात ठेवून दाखवतात. आमची पत्रांची ट्रंक खालच्या खोलीत होती. पुढे वाडा उतरला, ट्रंक आत्याकडे गेली, आणि ‘पुरातली ट्रंक’ म्हणून तिला कुणी हात लावला नाही.

ती उघडली तेव्हा पत्रांचे गठ्ठे वड्यांसारखे चिकटलेले होते. ज्यांच्याकडे अशी पत्रं असतील त्यांना एवढंच सांगेन की सुटी होत नसलेली पत्रं ओढू नयेत. वाफ देणं, इस्त्री फिरवणं हे उद्योग तर नकोतच. जी सहज सुटली ती आम्ही पांढऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवली आणि खिडकीच्या तिरक्या उजेडात त्यांचे फोटो काढले. सरळ उजेडात न दिसणारी अक्षरं तिरक्या उजेडात वर येतात. मोडीतली जुनी काळी शाई बरीच टिकली होती. नंतरच्या फाउंटन पेनची निळी शाई ओघळून गेली होती. त्यामुळे १९२० ची कार्डं वाचता आली आणि १९५५ ची नाहीत, असा उलटा प्रकार झाला.

सरकारी बाजूला तीन ठिकाणं. तहसीलचा अभिलेख कक्ष, जिथे कोतवाल बुकं आणि जुने फेरफार. भूमी अभिलेख कार्यालय. आणि शाळेचं जनरल रजिस्टर. नाशिक जिल्ह्यातले बरेच जुने फेरफार आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत, पण त्यासाठी जुना सर्व्हे नंबर हाताशी लागतो. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा कुठला नंबर कुठल्या गटात गेला हे ९(३), ९(४) च्या उताऱ्यांवरून काढावं लागतं. आमच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळं मालक झाली आणि जमीन आमच्या नावावरून गेली. आजच्या सातबाऱ्यावर आमचा मागमूसही नाही. ज्यांची जमीन कुळकायद्यात गेली त्यांनी म्हणून सध्याच्या उताऱ्यापासून सुरुवात करू नये. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावच्या जुन्या खात्यापासून पुढे यावं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हापासून कोतवाल बुकं कुठल्या कपाटात आहेत हे कचेऱ्यांतल्या लोकांना नेमकं माहीत झालं आहे. मोडी वाचणाऱ्यांनाही मागणी आली. आमच्यासारख्या, कुठल्याही दाखल्यासाठी न शोधणाऱ्यांनाही त्याचा फायदा झाला.

तीन शक्यता

कोतवाल बुकातली नोंद पुण्याच्या काकांना फोनवर वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, “चुकीचं आहे. आजी १९७१ ला गेली. मी स्वतः खांदा दिलाय.” तेही खरंच होतं.

मग आम्ही कागदावर तीन शक्यता लिहिल्या. एक, मोडी चुकीची वाचली गेली. दोन, गावात त्याच नावाचं दुसरं घर होतं. तीन, पणजोबांची दोन लग्नं झाली होती. तिसरी शक्यता मनात आली की ती लगेच पटते, आणि म्हणूनच ती शेवटी तपासायची असं ठरवलं.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, आणि हात घाईचा असला तर नावं एकमेकांसारखी दिसतात. म्हणून ती नोंद दोन जाणकारांकडून वेगवेगळी वाचून घेतली. दोघांनाही आम्ही कुणाला शोधतोय हे सांगितलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी नाव सांगून वाचायला दिलं की वाचणाऱ्याचा डोळा ते नाव शोधू लागतो. दोघांनीही तेच नाव वाचलं. पहिली शक्यता गेली.

दुसरीसाठी गावची जुनी खातेवही पाहिली. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव आणि आडनाव असं तिन्ही जुळणारा दुसरा खातेदार नव्हता. बिनजमिनीचं एखादं घर असू शकतं, म्हणून ही शक्यता पूर्ण गेली असं म्हणवेना, पण ती फार बारीक झाली.

कोतवाल बुकातलं ते पान मात्र विसरता येत नाही. १९१८ च्या त्या महिन्यात इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली होती; आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. पानावर वरपासून खालपर्यंत ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. बायका, तान्ही मुलं, धडधाकट पुरुष. एका छोट्या गावाचं पान. आपली एक नोंद शोधायला गेलेल्या माणसानं ते पूर्ण पान वाचावं असं मी म्हणेन. आपल्या घरातला मृत्यू एकटा नव्हता हे कळतं, आणि त्या वर्षीची पत्रं मग वेगळी वाचली जातात.

१९३६ च्या फेरफारात आणखी एक गोष्ट खटकत होती. थोरला मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा, सज्ञान. एकत्र कुटुंबात असा थोरला भाऊ असला तर बहुधा ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून त्याचं एकट्याचं नाव लागतं. इथे मात्र धाकट्याचं नाव वेगळं लावलं होतं आणि पालक आई. याला पुरावा म्हणता येत नाही. अज्ञान मुलाची पालक आई असणं स्वाभाविकच आहे. पण दोन भावांना कागदावर वेगळं ठेवण्याची गरज कुणाला तरी वाटली होती.

पत्रांनी काय सांगितलं

पत्रांत १९१८ च्या मृत्यूची एक ओळही नव्हती. याचं कारण आत्यानं सांगितलं. मृत्यूची बातमी आणणारं कार्ड वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, अशी रीत होती. म्हणजे जपून ठेवलेल्या कुठल्याही पत्रांच्या गठ्ठ्यात मृत्यूंच्याच जागा रिकाम्या असणार. बारशी, मुंजी, लग्नं, आजारपणं, पैशांचे तगादे सगळं सापडेल. जाणं सापडणार नाही. ते शोधायचं तर आजूबाजूची पत्रं पाहावी लागतात.

आजूबाजूला एक कार्ड मिळालं. पाव आण्याचं, म्हणजे दर अर्धा आणा होण्याच्या, १९२२ च्या, आधीचं. मिती कार्तिक शुद्ध, शके १८४०, कालयुक्तनाम संवत्सरे. पणजोबांना त्यांच्या एका नातलगानं लिहिलेलं. त्यात धान्याच्या भावांखाली एक वाक्य: मुलास येवल्यास पोचविले, रडत नाही, दूध घेतो. नोव्हेंबर १९१८. चार वर्षांच्या मुलाला आईशिवाय येवल्याला का पोचवलं असेल?

दुसरं पत्र लग्नाच्या याद्यांबद्दलचं. वरची बाजू पुराच्या डागानं गेलेली, मुलीकडच्यांची नावं त्या डागाखाली. खाली मिती शाबूत: माघ शुद्ध, शके १८४१. इथे वर्ष काढताना अडखळायला होतं. शकात ७८ मिळवायचे हे सर्वांना पाठ असतं. पण जानेवारी ते फाल्गुन या काळात ७९ मिळवावे लागतात. माघ शके १८४१ म्हणजे १९२० ची सुरुवात. ७८ मिळवले असते तर मृत्यूनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच लग्न झालं असं ठरलं असतं, आणि पणजोबांवर नसता ठपका आला असता. आजोबांची जन्मतारीख लोकल बोर्डाच्या शाळेच्या रजिस्टरात १९२२ ची आहे. ती या लग्नाशी जुळते. त्या रजिस्टरात आईच्या नावाचा रकानाच नाही. महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावायचा निर्णय २०२४ चा. शंभर वर्षांपूर्वीच्या मुलाची आई शाळेच्या दप्तरात असायचं कारणच नव्हतं.

तिसरा धागा पत्रांच्या मायन्यात होता. १९४१ च्या सुमारास दोघं भाऊ नोकरीच्या निमित्तानं बाहेर होते, आणि पंचवटीच्या एकाच पत्त्यावर दोघांची पत्रं यायची. धाकट्याच्या पत्राचा मायना ‘ती. गं. भा. आईस शि. सा. न. वि. वि.’ थोरल्याचा ‘ती. गं. भा. मावशीस’. आम्ही सगळ्यांनी आधी हे वाचून घरात कुणी मावशी राहत असेल असं धरलं होतं. पण थोरल्याच्या एकाही पत्रात मावशीखेरीज आईला वेगळा नमस्कार नाही. आई घरात असताना मावशीला नमस्कार करून आईला वगळणारा मुलगा त्या काळच्या पत्रव्यवहारात सापडणं कठीण. सावत्र आईला मावशी म्हणणं तर कितीतरी घरांत होतं.

इथपर्यंत तिसरी शक्यता चांगली बळकट झाली होती. तरी एक अडचण तशीच होती: दोन बायका, तर नाव एकच कसं?

देवघरातला टाक

आत्याला विचारायचं कसं हा प्रश्न होता. पुण्याच्या एका बहिणीनं घाईनं फोन करून “आजी सावत्र होती का?” असं सरळ विचारलं, आणि आत्यानं बोलणंच थांबवलं. पुढे बराच काळ ट्रंकेचा विषय काढता आला नाही. कागद वाचता येतो म्हणून माणसाला तसंच वाचायला जाऊ नये, हे मला या प्रकरणात सगळ्यांत मोलाचं वाटतं. आत्याला तिच्या आजीनं वाढवलं होतं. ‘सावत्र’ हा शब्द तिच्या कानावर शिवीसारखा पडला.

पुढचं बोलणं निघालं ते देवघरातून. आत्याच्या देवघरात कुलदैवताच्या टाकांबरोबर एक लहान चांदीचा टाक आहे. त्यावर बाईची आकृती, आणि वर घासून झिजलेली कडी. देवांच्या टाकाला कडी कशाला? मी एवढंच विचारलं, की आत्या, हा कुणाचा. ती म्हणाली, “आजीच्या गळ्यात असायचा. ती गेल्यावर मी ठेवला. रोज आधी त्याला कुंकू लावायची, मग स्वतःला. बाबा गेल्यावर कुंकू सुटलं, टाक नाही सुटला.” बाबा म्हणजे पणजोबा, सगळं घर त्यांना तसंच म्हणायचं, आणि हे आत्यानं तिच्या आईकडून ऐकलेलं.

आपल्याकडे जुन्या घरांत पहिली बायको वारली आणि दुसरी आली, तर पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालत. सवतीचा टाक. आत्याला ही रीत माहीत नव्हती असं नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “आम्हाला माहीत होतं रे. आजीनं कधी बोलू दिलं नाही. मोठे काका पुण्याहून यायचे तेव्हा पहिला घास त्यांना.”

दुसऱ्या लग्नात नवरीचं नाव बदलताना तिला पहिलीचंच नाव ठेवलं, हेही तिनंच सांगितलं. पणजोबांच्या आईनं ठेवलं, असं आत्यानं आजीच्या तोंडून ऐकलं होतं. म्हणजे १९२० साली लग्न होऊन आलेल्या मुलीनं वारलेल्या बाईचं नाव घेतलं, तिचा टाक गळ्यात घातला आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा वाढवला. दप्तराला त्या दोघी एकच वाटल्या यात दप्तराचा दोष नाही.

घरगुती आठवण कितीही जवळची असली तरी तिला कागदाची जोड हवी असं आम्हाला वाटत होतं, कारण पुण्याच्या काकांसाठी हा त्यांच्या वडलांच्या आईचा प्रश्न होता. फक्त नाशिककरांच्या सांगण्यावर त्यांनी तो मान्य करावा असं म्हणणं अन्यायाचं झालं असतं.

श्राद्धाची नावं

निर्णायक कागद मिळाला तो सरकारी कचेरीत नाही आणि ट्रंकेतही नाही. आजोबांच्या एका पोथीत, पितृपक्षासाठी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली नावांची चिठ्ठी होती. महालयाच्या श्राद्धात नावांचा क्रम ठरलेला असतो: पितृत्रयी, म्हणजे वडील, आजोबा, पणजोबा, मातृत्रयी, म्हणजे आई, आजी, पणजी, मग सापत्नमाता, म्हणजे सावत्र आई, मग मातामहत्रयी, म्हणजे आईचे वडील, आजोबा, पणजोबा, आणि पुढे काका, मामा, आत्या, मावशी असे सगळे. प्रत्येकाचं नाव आणि गोत्र उच्चारावं लागतं. म्हणजे ज्या बाजूला जमिनीच्या आणि शाळेच्या दप्तरांनी कधी पाहिलं नाही, ती आईची बाजू या चिठ्ठीत तीन पिढ्या मागे जाते. वंशावळ शोधणाऱ्यांनी घरातल्या पोथ्या, पंचांगं, देवघराचे खण पाहिल्याशिवाय तहसीलला जाऊ नये असं आता मी सगळ्यांना सांगतो.

आजोबांच्या चिठ्ठीत मातृत्रयीत पहिलं नाव पणजीचं. सापत्नमातेच्या जागी पुन्हा तेच नाव. आत्याच्या भावानं, म्हणजे माझ्या वडलांनी, ती चिठ्ठी पूर्वी पाहिली होती आणि चुकून दोनदा लिहिलं गेलं असं समजून पुढच्या वर्षी ते नाव गाळलं होतं.

मग पुण्याच्या काकांना विनंती केली की तुमच्या वडलांची अशी चिठ्ठी असेल तर पाहा. काकांनी आधी नको म्हटलं. नंतर स्वतःच एका जुन्या डायरीच्या पानाचा फोटो पाठवला, आणि फोटोखाली काहीही लिहिलं नाही. त्या पानावरही आई आणि सापत्नमाता एकाच नावाच्या. पण मातामह वेगळे. आजोबांच्या चिठ्ठीतल्या मातामहांचं नाव एक, गोत्र एक. थोरल्या भावाच्या पानावरच्या मातामहांचं नाव दुसरं, गोत्र दुसरं. वेगळ्या गोत्राचे दोन आजोबा एका आईचे वडील असू शकत नाहीत. दोन भाऊ, दोन आया, दोन आजोळं. आत्या बरोबर होती आणि काकाही.

इतकी वर्षं आम्ही नातेवाइकांच्या दोन आठवणींपैकी खरी कुठली हे विचारत होतो. हा प्रश्नच त्यांना एकमेकांसमोर उभं करणारा होता. दोन भरवशाची माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील तर आधी विचारावं की दोघं एकाच माणसाबद्दल बोलताहेत का.

रामकुंडावरची वही

सिन्नरचं माहेर शोधायला आता मातामहांचं आडनाव, गोत्र आणि आत्याच्या आठवणीतलं गाव हाताशी होतं. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांकडे, म्हणजे तीर्थपुरोहितांकडे, नामावळीच्या वह्या असतात. गावोगावचे यजमान अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला येतात आणि वहीत स्वतःच्या हातानं लेख लिहून देतात. वह्या गाव आणि आडनाव यांवरून लावलेल्या असतात, आणि कुठल्या गावचे यजमान कुणाकडे हे उपाध्येमंडळींना तोंडपाठ असतं. आम्ही नाशिककर असूनही आमच्या घराचा लेख तिथे शोधून उपयोग नव्हता. पाहायची होती ती माहेरच्या घराची वही. सून शोधायची तर तिच्या वडलांच्या दारातून जावं लागतं.

ज्या घराण्याकडे ते गाव होतं, तिथल्या गुरुजींनी आधी आम्हाला बसवून घरची सगळी नावं विचारली. ही चौकशी योग्यच आहे. या वह्या त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत, आणि कुणालाही उघडून दाखवण्याची ती गोष्ट नाही. मग वही निघाली, उभी, लांबट, लाल कापडात. मोडीतला लेख पणजीच्या भावाचा, वडलांच्या अस्थी घेऊन आला तेव्हाचा. आजोबा, वडील, काका, भाऊ, मुलगे आणि त्यांच्या खाली बहिणी, ज्या पुष्कळ लेखांत नसतात, त्या इथे होत्या. एकीच्या नावापुढे आमच्या गावाचं नाव आणि ‘दिली’.

त्या ओळीत पणजीचं माहेरचं नाव होतं. लग्नात बदललेलं, पुन्हा कुठल्याही कागदावर न आलेलं, आत्यालासुद्धा माहीत नसलेलं नाव. फोटो काढायला परवानगी नव्हती, म्हणून ते तिथेच लिहून घेतलं आणि गुरुजींकडून वाचून तपासून घेतलं. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “इतकं छान नाव होतं होय तिचं?” आणि मग फोनवरून सगळ्यांना ते सांगायचं कामही तिनंच घेतलं.

आता काय लिहिलं आहे

नव्या वंशावळीत दोघी वेगवेगळ्या आहेत. सासरचं नाव दोघींचं एकच, म्हणून पुढे ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ असं लिहिलं आहे. ‘सावत्र’ हा शब्द कुठेही वापरायचा नाही ही आत्याची अट होती आणि ती सर्वांनी मानली. कोण कुणाची आई हे रेषांवरून स्पष्ट दिसतं, त्यासाठी त्या शब्दाची गरज नाही. प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात आधार दिला आहे: कोतवाल बुक, फेरफार, पत्र, श्राद्धाची चिठ्ठी, वहीतला लेख किंवा ‘आत्याची आठवण’. आठवणीला कागदाच्या खालचा दर्जा दिलेला नाही, फक्त ती आठवण आहे एवढं नोंदवलं आहे. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि जमिनीचे नंबर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रतीतून काढून टाकले. ही माहिती असलेली मूळ प्रत दोन्ही शाखांकडे एकेक आहे.

थोरलीचं काम अर्धं आहे. तिच्या वडलांचं नाव आणि गोत्र पुण्याच्या पानावरून मिळालं, येवला तालुका नक्की झाला; पण आडनाव त्या भागात सर्रास आढळणारं, आणि गावाचं नाव कुठेच नाही. गावाशिवाय उपाध्यांची वही उघडत नाही. माझा भरवसा दोन जागांवर आहे. एक, १९१८ च्या कार्डावर येवल्याच्या पुढे एक शब्द आहे, अर्धा डागाखाली. तो गावाचं नाव असावा असं दोन्ही मोडी जाणकारांना वाटतं. दुसरी, कुळकायद्याच्या ३२ग च्या प्रकरणाची फाइल. जमिनीची किंमत ठरवताना मालकाच्या वारसांचे जबाब झाले असणार, आणि थोरल्या भावानं आपल्या जबाबात आजोळचा उल्लेख केला असेल तर तो तिथे असेल. तिच्या नकलेसाठी अर्ज दिला आहे, आणि अर्जदार म्हणून सही पुण्याच्या काकांची आहे.